वाय-फायचा पासवर्ड न देता चालणारा ई-रीडर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकची, वय ५८. गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले, आता बरी आहे. निदान झालं तेव्हा घरात फक्त ह्यांना ठाऊक होतं. मुलगा-सून बंगळुरूला, सुनेचे दिवस भरत आलेले, म्हटलं बाळंतपण सुखरूप पार पडू दे, मग सांगू. त्या दिवसांत मोबाइलवर या आजारावरची दोन ई-पुस्तकं विकत घेतली. खातं सगळ्या घराचं मिळून एकच. झालं, सुनेच्या टॅबवर ती पुस्तकं उमटली, खाली तसल्याच आणखी पुस्तकांच्या शिफारशी, आणि रात्री मुलाचा फोन. आता वाचनासाठी वेगळं यंत्र घ्यायचंय. मराठी कादंबऱ्या, दिवाळी अंकांच्या पीडीएफ आणि अधूनमधून इंग्रजी रहस्यकथा, एवढंच माझं वाचन. केमोनंतर बोटांची टोकं अजून बधिर आहेत, पडद्यावर पान उलटायला जावं तर भलतंच उघडतं. बजेट पंधरा-वीस हजार. हे म्हणतात, आपल्यासारख्यांचं वाचन बघून कुणाला काय मिळणार? पण मला चुगल्या न करणारा ई-रीडर हवाय. कुठला घेऊ?

उत्तर : पहिली गोष्ट, तुमचं गुपित मोबाइलने फोडलं नाही, खात्याने फोडलं. कितीही महागाचं नवं यंत्र आणा, त्यात तेच घरचं खातं घातलंत तर सुनेच्या टॅबवर पुन्हा तुमची पुस्तकं हजर. म्हणून यंत्राआधी खात्याचं बघू.

मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि सुरुवातीची वर्षं देवघेवीच्या काउंटरवर काढली. पुस्तकं देण्याच्या तिथे दोन पद्धती असत. एक न्यूअर्क. पुस्तकाच्या खिशात एक कार्ड, त्यावर घेणाऱ्याचं नाव किंवा नंबर, त्याखाली पुढच्याचं, त्याखाली त्याच्या पुढच्याचं. पुस्तक परत आलं तरी नावं कार्डावर तशीच. आमच्याकडे पोरं ती कार्डं चाळून कुणी काय नेलं याचा छडा लावायची. दुसरी ब्राऊन पद्धत, अमेरिकेतल्या नीना ब्राऊन या ग्रंथपालबाईंची, १८९५ च्या सुमाराची. तीत वाचकाचं तिकीट म्हणजे एक छोटा खिसा. पुस्तक नेलं की त्याचं कार्ड त्या खिशात घालून तारखेच्या ट्रेमध्ये ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. ट्रेमध्ये मागे काहीही उरत नाही. उद्या प्राचार्य येऊन विचारू देत नाहीतर पोलीस, की अमक्याने गेल्या वर्षी काय वाचलं, ग्रंथपालाला सांगताच येणार नाही. आम्ही ती पद्धत घेतली ती झटपट होते म्हणून, पण मला ती या दुसऱ्या कारणासाठी जास्त आवडायची.

बाजारातले बहुतेक ई-रीडर न्यूअर्कचे पणतू आहेत. कार्डावर निदान नाव आणि तारीखच असे. इथे कुठलं पान, किती वाजता, किती वेळ, कुठल्या ओळीखाली रेघ मारली, सगळं येतं. आणि कार्ड पुस्तकात न राहता कंपनीकडे जातं.

तुमच्या यजमानांना एवढंच सांगा, की आपलं वाचन बघून कुणाला काय मिळेल हे आज ठरत नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जामिनाच्या सुनावणीत, घरात सापडलेली पुस्तकं-सीडी का ठेवल्या होत्या असं आरोपीला विचारलं गेलं आणि देशभर गदारोळ झाला. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्रकरणात जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाला लिहावं लागलं, की नुसतं साहित्य जवळ बाळगल्याने दहशतवादाचा गुन्हा होत नाही. तुमचं प्रकरण घरगुती आहे. पण आजाराची बातमी कुणाला, कधी द्यायची हे तुम्ही ठरवायचं होतं. ते दुकानाच्या शिफारशींनी ठरवलं. एवढं कारण पुरे.

आता यंत्र. दुकानात किंवा ऑनलाइन, कुठलाही ई-रीडर बघताना मी एकच प्रश्न विचारते : याला घरच्या वाय-फायचा पासवर्ड कधीच दिला नाही, खातंही उघडलं नाही, तर हा चालेल का? यूएसबीची वायर लावून पुस्तक टाकलं, वायर काढली, वाचायला लागलो, असं होतं का? होत असेल तर पुढची चर्चा. नाहीतर यंत्र तुमच्या नावावर आणि चाव्या कंपनीकडे.

किंडलचं आधी बोलते, कारण बहुतेक लोक तेच घेतात आणि त्यात चूक काही नाही. पडदा उत्तम, बॅटरी टिकते, मराठी पुस्तकं तिथे डिसेंबर २०१६ पासून मिळतात, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नवा पेपरव्हाइट भारतात आला तो १६,९९९ रुपयांना, म्हणजे तुमच्या बजेटात. आमच्याकडे हे किंडलवाले, मी कोबोवाली, घरात दोन्ही पंथ नांदतात. पण किंडलची सगळी मांडणी खात्याभोवती आहे. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, पुढे जेफ बेझोसने जाहीर माफीही मागितली. पुसलेली पुस्तकं कुठली, तर जॉर्ज ऑरवेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'. कुणी रचून सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. एका शाळकरी मुलाची अभ्यासाची टिपणं त्यात निकामी झाली, तो कोर्टात गेला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. अलीकडचं सांगायचं तर २६ फेब्रुवारी २०२५ पासून, घेतलेलं पुस्तक आधी संगणकावर उतरवून मग वायरने किंडलमध्ये टाकायची सोय त्यांनी बंद केली. म्हणजे किंडलला नेट न देता त्यांच्या दुकानातलं नवं पुस्तक त्यावर न्यायचा जो सरळ रस्ता होता तो गेला.

आणि तुमच्यापुरतं आणखी एक : बटणांचा किंडल ओएसिस त्यांनी बंद केला. आता त्यांच्याकडे पान उलटायला बटण असलेला एकही नवा किंडल मिळत नाही. तुमच्या बोटांचा विचार केला तर माझ्या मते प्रश्न इथेच निकालात निघतो.

बटणं असलेल्या आणि माझ्या प्रश्नात पास होणाऱ्यांपैकी दोन सांगते. एक कोबो लिब्रा कलर, सात इंची, २०२४ चा. दुसरा पॉकेटबुक इरा, तोही सात इंची, २०२२ चा. दोन्हींत बटणं कडेला, अंगठा जिथे आपोआप जातो तिथेच. दोन्ही यंत्रं उलटी धरता येतात, म्हणजे उजवा हात दुखला की डावा. रंगाच्या मोहात फार पडू नका, रंगीत ई-इंकचा (कागदासारख्या दिसणाऱ्या शाईचा) पडदा काळ्या-पांढऱ्यापेक्षा जरा मळकट दिसतो आणि दिवा थोडा जास्त ठेवावा लागतो. कादंबरीला रंग लागतो कशाला? पण कोबोच्या सध्याच्या सात इंचीत बटणं हवी तर रंग गळ्यात पडतो.

पॉकेटबुक ही स्वित्झर्लंडची कंपनी. यंत्र सुरू करा, भाषा निवडा, वाचायला लागा, खात्याचा आग्रह नाही. ईपबपासून (ई-पुस्तकाच्या फाइलीचा हा नेहमीचा प्रकार) डीजेव्हीयूपर्यंत (हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा) नाना प्रकारच्या फाइली ते सरळ उघडतं. कोबो मूळ कॅनडाची, आता जपानच्या राकुतेनच्या मालकीची. कोबो पहिल्यांदा सुरू केलं की खातं मागतं. पण वायरने संगणकाला जोडलं, की त्यातल्या लपलेल्या फोल्डरमध्ये सेटिंगची एक साधी मजकुराची फाइल असते. तीत 'SideloadedMode=true' अशी एक ओळ घातली की खात्याची मागणी आणि दुकानाची पाटी दोन्ही गायब होतात, उरतात फक्त तुमची पुस्तकं. भाच्याला किंवा शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला चहा पाजून करून घेण्याजोगं काम आहे. २०२४ च्या मॉडेलांपासून कोबोने आयफिक्सिट या घरच्या घरी दुरुस्ती शिकवणाऱ्या कंपनीशी हातमिळवणी केलीय, सुटे भाग आणि दुरुस्तीच्या सूचना मिळतात. चार वर्षांनी बॅटरी गेली की यंत्र भंगारात, असं होऊ नये, म्हणून हे मला मोलाचं वाटतं.

तरी कोबो म्हणजे काही संत नव्हे. माझ्या कोबोत पुस्तकांची नोंद ठेवणारी डेटाबेसची एक फाइल आहे. ती मी संगणकावर उघडून बघितली, त्यासाठी फुकट प्रोग्राम मिळतात. प्रत्येक पुस्तकासमोर किती टक्के वाचलं, शेवटचं कधी उघडलं, किती वेळ वाचत होते, असे एकामागून एक रकाने. रात्री झोप येत नाही म्हणून उघडलेल्या पुस्तकाची रात्रीची वेळसुद्धा. रेघ मारलेली वाक्यं एका वेगळ्या तक्त्यात, अख्खीच्या अख्खी. आणि आणखी एक तक्ता 'ॲनालिटिक्स' नावाचा, नेट मिळालं की पुढे पाठवायच्या नोंदींसाठी. पासवर्डच दिला नाही तर तो तक्ता जागच्या जागी पडून राहतो. नोंद यंत्रात राहते, घराबाहेर जात नाही, आणि ती बघायचा, पुसायचा अधिकार माझ्याकडे असतो. किंडलमध्ये नोंदी ठेवत असतील तर त्या अशा उघडून बघायची सोय तुम्हा-आम्हाला नाही.

बूक्स या ई-रीडरचं नावही तुमच्या कानावर येईल. त्यात अँड्रॉइड असतं, त्यामुळे मराठी पुस्तकांची ॲप टाकता येतात, हा फार मोठा फायदा. पण मग तो वाचनाचं यंत्र न राहता एक फोनच होतो, प्रत्येक ॲप आपापलं खातं आणि आपापली हेरगिरी घेऊन येतं. शिवाय अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स या खुल्या प्रणालीच्या परवान्यानुसार द्यायचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) देत नाही म्हणून या कंपनीवर बरीच टीका झालीय. संपूर्ण मोकळं यंत्र हवं तर पाइन६४ चा पाइननोट आहे, पण तो संगणक खोलून बसणाऱ्यांसाठी. तुम्हाला नको.

आता मराठीचं, कारण या गोष्टी इंग्रजी परीक्षणांत सापडत नाहीत. कुठलाही ई-रीडर घेतल्यावर पहिल्या दिवशी एक मराठी ईपब टाका आणि 'कार्यकर्त्यांच्या', 'दृष्टी', 'तऱ्हा', 'ज्ञानेश्वरी' हे शब्द शोधून बघा. ईपब दाखवायला बरीच यंत्रं ॲडोबी कंपनीचं जुनं इंजिन (पान मांडणारा प्रोग्राम) वापरतात आणि ते जोडाक्षरं मोडतं. रफार भलत्या डोक्यावर जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. असं दिसलं तर यंत्र परत करू नका, त्यात केओरीडर घाला. हा फुकट, सोर्स कोड उघडा असलेला वाचन-प्रोग्राम आहे, कोबो आणि पॉकेटबुक दोन्हींवर चालतो, कंपनीचा प्रोग्राम न काढता त्याच्या शेजारी बसतो. देवनागरी तो नीट जोडतो. हवा तो फॉन्ट फोल्डरमध्ये टाकायचा. मी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' वापरते, अक्षर मोकळं आहे आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीही वाचता यायचं. तुमच्या खुणा आणि वाचनाचे हिशेब केओरीडर ठेवतो, पण यंत्रातच.

दिवाळी अंकांच्या पीडीएफचं मात्र आधीच सांगून ठेवते. दोन रकान्यांचं मोठं पान सात इंचांवर मुंग्यांची रांग दिसतं. केओरीडरमध्ये स्कॅन केलेलं पान कापून, ओळी मोडून पडद्याच्या मापात पुन्हा मांडायची सोय आहे. कथा-लेखांना चालते. व्यंगचित्रं, कविता आणि जाहिराती एकत्र असलेल्या पानांचा मात्र पार गोंधळ करते. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या पीडीएफ दिसायला सुंदर असतात, पण त्यांचं ईपब करायला गेलात तर अक्षरांऐवजी अगम्य इंग्रजी चिन्हं मिळतील. ते अंक कागदावरच घ्या, दिवाळीत तेवढी चैन परवडते.

पुस्तकं आणायची कुठून? खरी गोम इथे आहे, कारण यंत्र कितीही सज्जन असलं तरी दुकान कुलूप लावूनच पुस्तक देतं, म्हणजे ती फाइल दुसरीकडे उघडत नाही. मराठी ई-पुस्तकांची बरीच दुकानं आपल्याच ॲपमध्ये पुस्तक उघडू देतात, ते लिब्रावर येत नाही. बिनकुलपाचं म्हणाल तर मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं थेट ईपबमध्ये उतरवता येतात, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची जाडजूड प्रकाशनंही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. नव्या कादंबरीसाठी प्रकाशकाला सरळ फोन लावा आणि ईपब विकता का विचारा. लहान प्रकाशक कधीकधी देतात, आणि दहा जणांनी विचारलं तर मोठेही विचार करतील. इंग्रजी रहस्यकथा कोबोच्या दुकानातून घेऊन संगणकावर उतरवता येतात, पण बहुतेकींना ॲडोबीचं कुलूप असतं आणि ते उघडायला ॲडोबीचा प्रोग्राम लागतो. २०१४ मध्ये तो प्रोग्राम कोण काय वाचतंय हे ॲडोबीकडे उघड्या मजकुरात, कुठल्याही कूटबद्धतेशिवाय पाठवत असल्याचं सापडलं होतं. बोभाटा झाल्यावर त्यांनी पाठवणं कूटबद्ध केलं. पाठवणं मात्र थांबवलं नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत : इरा मिळाला तर इरा, नाहीतर लिब्रा कलर. लिब्रा अमेरिकेत साधारण २२० डॉलरला आला होता, आपल्याकडे मागवताना वर खर्च चढतो, म्हणजे वीस हजारांची वेस ओलांडावी लागेल. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर वॉरंटी तिथलीच राहते हे धरून चाला. मिळेल तिथे आधी हातात घेऊन बटण दाबून बघा, तुमच्या बधिर बोटांना ते खट्‌ कळतंय का. बाकी सगळं मी पत्रातून सांगू शकते, हे नाही.

आणि ते घरचं सामायिक खातं. त्यातून तुमचा मोबाइल आजच बाहेर काढा, ई-रीडर येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षांपूर्वीचा किंडल आहे, सत्तर-ऐंशी पुस्तकं विकत घेतलेली. तुमच्यासारखे लोक खासगीपणाचं बोलायला लागले की वाटतं, विकून टाकावा. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चालू यंत्र विकू नका हो! आधी जी पुस्तकं वाचायची आहेत ती सगळी त्यात उतरवून घ्या, मग विमान-मोड लावा आणि तो तसाच राहू द्या. घाईघाईने खातं काढू नका. यंत्रावरून खातं काढलं की विकत घेतलेली पुस्तकंही त्यावरून जातात. पुढची पुस्तकं कॅलिबरमधून टाका. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी सुरू केलेला हा फुकट प्रोग्राम आज जगभर वापरतात. ईपब फाइल त्यात ओढा, किंडलला चालणाऱ्या एझेडडब्ल्यू३ प्रकारात बदला, वायर लावून पाठवा. नेट लागत नाही. जेव्हा केव्हा विमान-मोड काढाल तेव्हा साठलेल्या खुणा आणि वाचलेली पानं सिंक होतील हे लक्षात ठेवून काढा. जेलब्रेक करून, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं तोडून, त्यावरही केओरीडर घालता येतो, पण तुमच्या किंडलमधलं सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीचं आहे यावर ते अवलंबून, आणि बिघडलं तर दाद मागायला कुणी नाही.

प्रश्न : विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचं कुलूप स्वतःच्या वापरासाठी काढलं तर तो गुन्हा आहे का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते म्हणतं. 'हक्कभंगाच्या हेतूने' हे शब्द वाच. त्याच कलमात पुढे, कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी केलेल्या कृतीला सूट आहे, आणि खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा कलम ५२ मध्ये. अमेरिकेतला कायदा याहून पुष्कळ कडक आहे, तिथले सल्ले वाचून घाबरू नकोस. पण दुकानाच्या अटी वेगळ्या. तू त्या मान्य करून पुस्तक घेतोस, आणि त्या मोडल्या तर दुकान खातं बंद करू शकतं, म्हणजे उरलेली पुस्तकंही जातात. आणि कुलूप काढलेली फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीस तर वरचं काहीच तुला लागू होत नाही.